आठ गुण नाडीचे

पत्रिका जुळवताना ३६ गुणांपैकी सर्वाधिक गुण नाडीला असतात. गणाला ६, भकूटाला ७, नाडीला ८. कारण नाडीचा संबंध थेट संततीशी जोडला आहे. घरदार पसंत, पगार पसंत, मुला-मुलीची एकमेकांना पसंती. पण दोघांची नाडी एकच, म्हणजे एकनाड निघाली की मोठी माणसं स्थळ सोडून देतात. ‘उद्या मुलाबाळांचं काय?’ असं चारचौघांत विचारतात.

म्हणजे लग्नाआधी मुलाबाळांचा विषय काढायला आपल्याकडे कुणालाच संकोच वाटत नाही. मात्र पालकत्वाची तयारी लग्नाआधी व्हावी असं सुचवा, हीच माणसं कानांवर हात ठेवतात. ‘आधी लग्न तर होऊ द्या.’ ‘आम्हाला कुणी शिकवलं होतं?’

नाडी बघून चिंता करायची ती मूल होण्याची. त्या चिंतेचीही खरी तपासणी राहूनच जाते. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एका रक्तचाचणीत हे कळतं. ती किती घरं मागतात? आणि झालेलं मूल वाढवणार कोण, हा रकाना तर गुणांच्या कोष्टकात नाहीच.

कांदेपोह्यांच्या वेळीही तो विषय निघत नाही. मुलाला पॅकेज विचारतात, फ्लॅटचा हप्ता विचारतात. मुलीला विचारतात, ‘पुढे नोकरी करणार ना?’ मूल कोण सांभाळणार, याचं उत्तर हा प्रश्न फक्त मुलीलाच विचारण्यात गृहीत धरलेलं असतं. कायद्याने नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे. सत्ताविसाव्या आठवड्यात काय, हे दोघांपैकी कुणीच बोललेलं नसतं.

ते लग्न ठरण्याआधी बोलावं. मूल हवं का? हवं तर केव्हा? ते तापाने फणफणलं तर कामावर दांडी कोण मारणार? पाळणाघराचे पैसे कुणाच्या पगारातून जाणार? हात उगारायचा नाही, हे दोघांना मान्य आहे का? हे सारं मोठ्यांनी आपसांत नव्हे, ज्यांचं लग्न आहे त्यांनी समोरासमोर विचारावं.

आणि उत्तर मुलाने स्वतः द्यावं. ‘आई आहे ना घरी’ हे उत्तर धरू नये.