आधी तारीख ठरवा

आमच्या घाटघरची पोरं शिकायला जुन्नरला उतरतात, पुढं कुणी घोडेगावला, कुणी पुण्याला. मी बँकमित्र. अंगठा लावून घेऊन त्यांना पैसे काढून देतो. पण बरेचदा काढायचं काहीच नसतं. "दादा, आलेत का बघा ना," एवढंच.

एकाच पोराकडं नाना तऱ्हेचे पैसे असतात. आईनं बाळहिरडा गोळा करून, वाळवून, व्यापाऱ्याला घालून दिलेली नोट तो मोडत नाही. वेळ पडली तर वडापावावर दिवस काढील. पावसाळ्यात नाणेघाटाच्या गर्दीत कणसं विकून मिळवलेले मात्र बिनधास्त उडवतो. आणि सरकारी योजनेची रक्कम जमा झाली की नवा मोबाईल! माणूस मनात पैशाचे असे कप्पे करतो, हे मांडणाऱ्या रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गावातली जाणती म्हणतात, पोरं बिघडली. मला ते पटत नाही.

२०१८ साली आदिवासी वसतिगृहातलं जेवण बंद करून त्याचे पैसे थेट खात्यात द्यायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या वाटेला पायी लागले होते. रोख मिळतेय तर नको का म्हणतात, असं शहरात अनेकांना वाटलं. पोरांचा हिशेब साधा होता : भूक रोज लागते, हप्ता रोज येत नाही. तो लांबला की खानावळीत उधारी, मित्राकडून हातउसने. आला की निम्मा तिकडंच वळता होतो. पुढचा कधी येईल, कुणी सांगत नाही. अशा वेळी उरलेल्याची वस्तू करून टाकणं हा मूर्खपणा नव्हे. मोबाईल निदान कुणी उधारीत कापून घेत नाही.

तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी ऊस तुटायच्या आधी, हात तंग असताना, बुद्धीच्या चाचण्यांत कमी पडला आणि पैसे हाती आल्यावर सुधारला. ओढाताण डोक्यातली जागाच अडवून बसते. त्याच डोक्यानं आमची पोरं परीक्षेला बसतात.

म्हणून कॉलेजातली बचतीवरची व्याख्यानं ऐकली की मला हसू येतं. हिरड्याची नोट जपणाऱ्याला बचत काय शिकवणार? त्यापेक्षा सरकारनं दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे टाकावेत, आणि उशीर होणार असेल तर मोबाईलवर तसा निरोप आधीच धाडावा.