सुपरहिरोंचं २०१६ : आपलं कोण, परकं कोण?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला, की इकडे अमेरिकेत याद्यांना ऊत येतो. वर्षातले सर्वोत्तम सिनेमे, सर्वोत्तम पुस्तकं, सर्वोत्तम हॉटेलं, झालंच तर सर्वोत्तम पिझ्झे. मग आपण तरी मागं का राहावं? माझी यादी आहे सुपरहिरो कॉमिक्सची. चाळिशी उलटलेली, दोन मुलांची आई असलेली मराठी बाई दर बुधवारी (इथं नवे अंक बुधवारी येतात) कॉमिक्सच्या दुकानात जाते, याचं आमच्या न्यू जर्सीच्या मित्रमंडळात अजूनही हसू होतं. होऊ दे. ज्यांच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स होतं, कवटीच्या गुहेत राहणारा आणि गुंडांच्या जबड्यावर अंगठीचा ठसा उमटवणारा वेताळ होता, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. बाकीच्यांना पटवायचा प्रयत्न करते.

एक गोष्ट आधी सांगते. सुपरहिरो हा प्रकारच मुळी स्थलांतरितांच्या घरात जन्मला. १९३८ मध्ये सुपरमॅन जगापुढं आणला तो क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी. दोघंही ज्यू स्थलांतरितांची मुलं. पुढं कॅप्टन अमेरिका, फँटास्टिक फोर, हल्क यांच्यामागं असलेला जॅक कर्बी हा मूळचा जेकब कर्ट्झबर्ग, आणि स्टॅन ली हा स्टॅन्ली लीबर. नाव बदलायचं, इथल्यासारखं दिसायचं, आणि घरी गेल्यावर खरं कोण ते व्हायचं! दुहेरी ओळख ही काही त्यांना कल्पनेनं रचावी लागली नाही. आपल्यापैकी ज्यांचा ऑफिसात 'सॅम' आणि घरी 'समीर' होतो, त्यांना तर हे वेगळं सांगायलाच नको.

यंदा इथलं वर्ष कसं गेलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच आहे. निवडणुकीच्या निमित्तानं 'बाहेरचे' हा शब्द इतक्या वेळा कानावर पडला, की वीस वर्षं इथं राहून, कर भरून, मुलांना इथल्या शाळेत घालून आपण नेमके कुठले, असा प्रश्न पडावा. गंमत म्हणजे यंदा मला आवडलेल्या बहुतेक कॉमिक्सनी हाच प्रश्न विचारला. यादी करायला बसले तेव्हा ते लक्षात आलं.

१. द व्हिजन

यंदाचं माझं सर्वांत आवडतं कॉमिक, आणि दुसरं कुठलंही त्याच्या जवळपास येत नाही. लेखक टॉम किंग, चित्रं गॅब्रिएल हर्नांडेझ वाल्टा यांची, रंग जॉर्डी बेलेअर यांचे. गेल्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेली ही मालिका बरोबर बारा अंकांत यंदाच्या ऑक्टोबरमध्ये संपली.

व्हिजन हा 'ॲव्हेंजर्स'मधला यंत्रमानव. त्याला हवं असतं साधंसुधं कुटुंब. म्हणून तो स्वतःच बायको आणि जुळी मुलं घडवतो आणि वॉशिंग्टनशेजारच्या उपनगरात घर घेतो. शेजारी बिस्किटं घेऊन भेटायला येतात. तोंडभर हसतात आणि बाहेर पडल्यावर आपसांत वेगळंच बोलतात. मुलगा शाळेत 'मर्चंट ऑफ व्हेनिस' वाचतो आणि शायलॉकमध्ये अडकून पडतो. घराच्या भिंतीवर कुणीतरी 'परत जा' अशा अर्थाचं काहीबाही रंगवून जातं. मग एके दिवशी घरावर हल्ला होतो, आणि मुलांना वाचवताना आईच्या हातून जे घडतं ते ती नवऱ्यापासून लपवते. तिथून एकेक करून सगळं निसटत जातं.

यात हाणामारी फारशी नाही. आहे ती 'आपण नॉर्मल आहोत' हे सिद्ध करण्याची केविलवाणी धडपड. अंगणातलं गवत वेळेवर कापायचं, मुलांनी शाळेत लक्ष वेधून घ्यायचं नाही, शेजाऱ्यांशी अदबीनं बोलायचं. माझ्या घरात हे सगळं चालतं. तुमच्याही चालत असेल. किंगचं म्हणणं असं, की अशा धडपडीची किंमत मोजावी लागते, आणि बहुतेक वेळा ती मुलं मोजतात. हे मला कुठल्याही कादंबरीनं यंदा इतक्या स्पष्टपणे सांगितलं नाही.

२. मिस मार्व्हल

कमला खान आमची शेजारीण! जर्सी सिटीत राहणारी सोळा वर्षांची पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी. लेखिका जी. विलो विल्सन. पहिला अंक आला २०१४ मध्ये आणि पहिल्या खंडाला गेल्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळाला. कमलाला घडवण्यात संपादिका सना अमानत यांचा मोठा वाटा. त्याही न्यू जर्सीतच वाढल्या. म्हणून यातली आई दाराशी उभी राहून प्रश्न विचारते, ते अगदी आपल्याकडच्यासारखेच.

यंदा दोन गोष्टी विशेष झाल्या. एक म्हणजे कमलाच्या घराण्याचा इतिहास आला. १९४७, फाळणी. तिची पणजी मुंबई सोडून कराचीला जाते. अमेरिकन सुपरहिरो कॉमिकमध्ये आपली मुंबई आली, आणि ती सिनेमावाल्यांची किंवा गुंडांची मुंबई नव्हती, कुणाचं तरी सुटलेलं घर होती. फाळणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पंजाब आणि बंगाल येतो. मुंबईतूनही माणसं उठून गेली, हे इथं जन्मलेल्या माझ्या मुलीला एका कॉमिकनं सांगितलं.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरच्या अंकातली. ज्या कॅप्टन मार्व्हलला देव मानलं तिच्याशीच बिनसल्यावर वैतागलेली कमला कराचीला जाते. तिथं तरी आपण 'आपले' असू, असं तिला वाटतं. तिथं गेल्यावर कळतं, की तिथंही ती पाहुणीच. दर दोन वर्षांनी सुटीत पुण्याला किंवा कोल्हापूरला जाणाऱ्या आपल्या मुलांना हा अंक हातात द्या. त्यांना समजावून सांगावा लागणार नाही. आपल्यालाच थोडा लागेल.

३. वंडर वुमन

हिचं यंदा पंचाहत्तरावं वर्ष. ग्रेग रका यांनी तिची सूत्रं पुन्हा हाती घेतली आणि एक वेगळाच प्रयोग केला. महिन्यातून दोन अंक. एकात आजची गोष्ट (चित्रं लियम शार्प), दुसऱ्यात तिच्या पहिल्या वर्षाची (चित्रं निकोला स्कॉट). आजच्या गोष्टीत तिला कळतं, की मायभूमीच्या आपल्या आठवणीच खोट्या आहेत आणि परतीची वाट सापडत नाही. जुन्या गोष्टीत, एकदा गेलं की परत येता येणार नाही हे ठाऊक असूनही ती बेटावरून निघते. अमेरिकेत उतरते तेव्हा तिला इंग्रजीचा एक शब्द येत नसतो. इतकी ताकद असलेली बाई, आणि साधं बोलता येईना म्हणून गप्प बसलेली! इथं नव्यानं आलेल्या कितीतरी सासवा-आयांचे चेहरे मला त्या पानांवर दिसले.

यंदा ती बातम्यांतही आली. २१ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांनी स्त्री-सक्षमीकरणासाठी तिला मानद राजदूत नेमलं. तिथल्याच कर्मचाऱ्यांनी समारंभात पाठ फिरवून निषेध केला, विरोधाच्या अर्जावर सुमारे ४५ हजार सह्या झाल्या आणि डिसेंबरच्या मध्यावर तिची राजदूतकी संपली. चाहती म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी त्या कर्मचाऱ्यांच्या बाजूची. सरचिटणीसपदाच्या १३ उमेदवारांत ७ बायका होत्या, त्यांतली एकही निवडली नाही, आणि त्याच महिन्यात कागदावरच्या बाईला पद दिलं. यात वंडर वुमनचा काय दोष? चित्रातली बाई खऱ्या बाईला बळ देऊ शकते, तिची जागा घेऊ शकत नाही.

४. सुपरमॅन

पीटर टोमासी आणि पॅट्रिक ग्लीसन यांचा सुपरमॅन यंदा चक्क बाप झाला आहे. लोइस आणि दहा वर्षांच्या जॉनसोबत तो शेतावर आडनाव बदलून राहतो. पहिल्याच अंकात जॉन मांजराला ससाण्यापासून वाचवायला जातो आणि डोळ्यांतल्या आगीनं दोघांनाही जाळून टाकतो. त्या पोराचा चेहरा विसरता येत नाही. आपली ताकद आपल्यालाच पेलत नाही, हे बापाला कसं सांगायचं? आणि बापानं तरी काय उत्तर द्यायचं? बऱ्याच वर्षांनी सुपरमॅन वाचताना घरातलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. २०१६ मध्ये महिन्यातून दोन अंक आणि किंमत २ डॉलर ९९ सेंट होती, हेही खिशाला बरं.

५. ब्लॅक पँथर

१९६६ मध्ये आलेल्या या पहिल्या मोठ्या कृष्णवर्णीय सुपरहिरोला पन्नास वर्षं झाली. २०१६ च्या एप्रिलपासून त्याचं लेखन ता-नेहिसी कोट्स करू लागले. गेल्या वर्षी नॅशनल बुक ॲवॉर्ड मिळवलेला लेखक कॉमिक्सकडं वळतो, याचंच मला अप्रूप. राजा कितीही चांगला असला तरी प्रजेनं राजा का मानावा, हा त्यांचा प्रश्न आहे. खरं सांगायचं तर अंक संथ आहेत, पात्रं भाषणं करतात आणि ब्रायन स्टेलफ्रीझ यांच्या देखण्या चित्रांवर फुग्यांची गर्दी होते. पण विचार करायला लावणारं कॉमिक हवं असेल तर हे घ्या. नोव्हेंबरमध्ये याचंच भावंड असलेलं 'वर्ल्ड ऑफ वकांडा' सुरू झालं. रोक्सान गे यांचं हे लेखन आशादायक वाटतं.

आता न आवडलेलं. 'सिव्हिल वॉर २' ही मार्व्हलची यंदाची महामालिका. गुन्हा घडण्याआधीच माणसाला पकडावं का, हा विषय आजच्या काळात किती मोलाचा! दिसण्यावरून विमानतळावर बाजूला काढलं जाणाऱ्यांना तर तो अगदी जवळचा. पण ब्रायन मायकल बेंडिस यांनी तो नायकांच्या मारामारीत वाया घालवला. वर जेम्स ऱ्होड्स आणि ब्रूस बॅनर यांना मारून टाकलं. मेलेली पात्रं चार वर्षांत परत येतात, हे आता शाळकरी पोरंही जाणतात. शिवाय मूळ गोष्ट समजायला आणखी चार मालिका विकत घ्या, हा धंदा वाचकाला कंटाळा आणतो.

मे महिन्यात कॅप्टन अमेरिका हायड्राचा हस्तक निघाला, त्यावरही मोठा गदारोळ झाला. पुढच्याच अंकात त्याच्या आठवणी बदलल्याचा खुलासा आला, हे खरं. तरीही मला खटकलं. सायमन आणि कर्बी या दोन ज्यू तरुणांनी अमेरिका युद्धात उतरण्याच्या वर्षभर आधी ज्याला मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावताना दाखवलं, त्याला अशा संघटनेत नेताना हातात त्याहून मोठी गोष्ट हवी. अजून तरी ती दिसलेली नाही.

वर्षाचा लेखक म्हणाल तर नि:संशय टॉम किंग. सीआयएमध्ये काम केलेला, इराक पाहिलेला हा माणूस. यंदा त्यानं 'व्हिजन' संपवलं, 'ओमेगा मेन' संपवलं आणि जूनपासून 'बॅटमन' हाती घेतला. बळ वापरणाऱ्याच्या मनावर काय ओरखडे उठतात, ते त्याला ठाऊक असल्याचं पानोपानी जाणवतं. आणि वर्षाचं दुःख दोन. मे महिन्यात डार्विन कुक गेले, वय अवघं ५३. ऑक्टोबरमध्ये स्टीव्ह डिलन गेले. कुक यांचं 'न्यू फ्रंटियर' वाचलं नसेल तर नव्या वर्षाचा संकल्प तोच करा.

शेवटी माझ्यासारख्या आईबापांशी थोडं. आपल्या घरांत मुलाच्या हाती कॉमिक दिसलं की 'काहीतरी चांगलं वाच' असं सहज निघून जातं. चांगलं म्हणजे काय? माझ्या मुलीनं शाळेत तिला कुणी काय म्हटलं, ते मला सरळ कधीच सांगितलं नसतं. 'मिस मार्व्हल'च्या एका पानावर बोट ठेवून 'असं होतं' एवढं ती म्हणाली. त्या दोन शब्दांसाठी मी सारे बुधवार ओवाळून टाकीन. इथं मोठं होणाऱ्या आपल्या मुलांपाशी पुष्कळ गोष्टी असतात, त्या सांगायची भाषा अनेकदा नसते. मराठी अपुरी पडते, आणि इंग्रजीत आईबापाशी मनातलं बोलायची सवय नसते. मध्ये एखादं चित्र ठेवलं तर वाट निघते.

पैसे घालवायला नकोत. बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत कॉमिक्सचं वेगळं कपाट असतं, नसलेलं पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवूनही देतात. 'व्हिजन' दोन पुस्तकांत आलंय. ते मोठ्यांनी आधी स्वतः वाचावं, लहानांसाठी ते जड आहे. 'मिस मार्व्हल' मात्र दहा-बारा वर्षांच्या मुलांसोबत बसून वाचा. नाताळच्या सुट्या आहेत, बाहेर थंडी आहे, आणि एक खंड संपवायला एक दुपार पुरते.