कारखान्यात उजेड, गावात अंधार

अल मुंतझामधल्या आमच्या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर नाही. मेणबत्ती आहे, पण ती मुलीच्या वाढदिवसाची. कतारची बहुतेक वीज नैसर्गिक वायूवर होते, 2022 पासून अल खरसाहचा 800 मेगावॅटचा सौर प्रकल्पही जोडीला आहे. त्यामुळे लाईट जाणं म्हणजे काय, हे मला आता फक्त सांगली जिल्ह्यातल्या घरच्या व्हिडिओ कॉलवर कळतं.

गेल्या जानेवारीत बोलता बोलता स्क्रीन काळी झाली. "थांब रे, लाईट गेली," आई म्हणाली आणि तिने फोन खिडकीकडे फिरवला. गाव अंधारात, आणि दीड किलोमीटरवरचा साखर कारखाना लखलखीत. "त्यांची बरी जात नाही!"

आईचा प्रश्न साधा आहे, पण बायोमास विजेच्या वादात तो कुणी विचारत नाही. एक बाजू म्हणते, सूर्य मावळला तरी बगॅस जाळता येतो, म्हणून ही वीज हवी. दुसरी म्हणते, सौर वीज स्वस्त आहे, ऊस पाणी पितो आणि गळीत चालतं जेमतेम चार-पाच महिने. दोन्ही खरं आहे. पण भांडण होतं ते युनिटमागच्या रुपयांवरून. ही वीज अडीअडचणीला नेमकी कुणाच्या उपयोगी पडणार, ते बाजूलाच राहतं.

एक टन ऊस गाळला की साधारण 280 किलो बगॅस निघतो. त्यावर बॉयलर पेटतो, वाफेवर टर्बाईन फिरतं, कारखाना भागवून उरलेली वीज महावितरणच्या लाईनवर जाते. लाईन बंद पडली की संरक्षक यंत्रणा कारखान्याला क्षणात तोडून वेगळं करते, आणि तो स्वतःपुरता चालू राहतो. हे बरोबरच आहे. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

पण आधीच आखणी केली तर जवळचा एखादा फीडर या वेगळ्या तुकड्यात घेता येतो. त्याला स्विच, नियंत्रण यंत्रणा आणि करार लागतो. एकदम सगळं गाव जोडलं तर टर्बाईन झटका खाईल. म्हणून आधी नळपाणी योजनेची मोटर आणि आरोग्य केंद्र, मग घरं. आमच्या सर्व्हरच्या कामात नियम आहे: मुद्दाम मेन बंद करून तपासला नाही, तो बॅकअप धरायचाच नाही. इथेही तेच करावं लागेल.

खर्च कोण देणार? 2006 मध्ये पुण्यात यावर तोड निघाली होती. उद्योगांनी स्वतःचे जनरेटर चालवून शहराची तूट भरून काढायची आणि जादा खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल करायचा. मी नंतर इंजिनिअरिंगला पुण्यात गेलो, तेव्हा हॉस्टेलवर पंखा फिरायचा आणि गावी आई कंदिलाची काच पुसत असायची. तेव्हा डिझेल जाळून शहर उजळलं. आता आमच्याच शेतातल्या उसाचा चोथा जाळून गावातली निदान पाण्याची मोटर चालायला काय हरकत आहे?

उन्हाळ्यात गळीत संपल्यावर हा उपाय लंगडा पडतो, हे कबूल. शेतातलं पाचट गोळा करून जाळा म्हणणारे आहेत, पण सगळं उचललं तर जमीन उपाशी राहील. तेव्हा सौर आणि बॅटरीच बरी.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. थ्री-फेजची पाळी रात्रीची आली की आमचे अण्णा वयाच्या पासष्टीत बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जातात. साप, बिबट्या, काही असो. ज्या उसावर टर्बाईन फिरतं, त्यालाच दिवसा वीज नाही.

अण्णा कारखान्याचे सभासद आहेत. येत्या वार्षिक सभेसाठी मी त्यांना एका कागदावर प्रश्न लिहून पाठवलाय. त्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "विचारतो. पण आधी सवलतीच्या साखरेचं विचारायचं ठरलंय सगळ्यांचं."