टोस्ट आणि पानाची डावी बाजू

भाजलेल्या पावावर कोणते तोंडीलावणे शोभते, हा प्रश्न वर्तमानपत्राच्या स्तंभात चर्चिण्याच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका एखाद्या गंभीर प्रकृतीच्या वाचकास आली तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. तथापि ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंक्तीला बसावे याचे निकाल गावकीपासून धर्मपीठापर्यंत सर्वत्र पिढ्यानुपिढ्या लागत आले, त्या समाजात दोन भिन्न घरांतील मित्र एका मेजावर बसून, एकाच पावाचे तुकडे करून, आपापल्या घरच्या बरण्या एकमेकांपुढे उघडतात, ही घटना क्षुल्लक मानावयास माझे मन तयार होत नाही. माझे प्रतिपादन असे की, चटण्या, लोणची, मुरांबे आणि मेतकुटे यांची जी संपत्ती मराठी पानाच्या डाव्या बाजूला शतकानुशतके साठत आली, ती जिवंत राहावयाची असेल तर ती एका घरातून दुसऱ्या घरात पोचली पाहिजे. आणि त्या कामी टोस्टइतके सुलभ व निःपक्षपाती साधन आज आपल्यापाशी दुसरे नाही.

पानाच्या मांडणीचा दंडक सर्वांच्या परिचयाचा आहे. भाजी, आमटी, उसळ ही उजवीकडे; मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे डावीकडे. उजवी बाजू रोज शिजते आणि रोज संपते. डाव्या बाजूचा पुष्कळसा भाग मात्र वर्षाच्या बेगमीचा असतो. कैरीचा मोसम, उन्हाळ्यातील कडक ऊन, मिरचीची नवी आवक यांच्या आधारावर तो एकदा सिद्ध होतो आणि पुढे वर्षभर चिमटीचिमटीने खर्ची पडतो. म्हणूनच त्या त्या प्रांताची जमीन, पाऊस आणि पीकपाणी यांचा खरा दाखला या बाजूलाच मिळतो. वऱ्हाडात रब्बीला जवस पिकतो म्हणून तेथील बरणीत जवसाची चटणी, सोलापूरकडे भुईमूग म्हणून उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी, कोल्हापुरात मिरचीचा खर्डा, कोकणात कैरीचा मुरांबा. अशा रीतीने महाराष्ट्राचा अवघा नकाशा पानावरील दोन-चार इंचांत सामावलेला असतो. परंतु ही बाजू आता संकोच पावत आहे. वाळवणास अंगण उरले नाही, उखळ अडगळीत गेले, घाईच्या डब्यात पोळीभाजीपलीकडे जागा नाही, आणि सकाळच्या पावाला लावावयाचे म्हटले की घरोघर हात जातो तो बाजारातून आणलेल्या, सर्व प्रांतांत सारख्याच चवीच्या दोन-तीन बाटल्यांकडे. हा क्रम असाच चालला तर ज्या कृती केवळ हाताच्या सवयीत नांदतात आणि कोणत्याही दफ्तरात ज्यांची नोंद नाही, त्या एका पिढीच्या अंतराने नामशेष होतील, ही भीती मला अतिशयोक्त वाटत नाही.

टोस्टच या कामी का, याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. पाव भाजला जात असताना पृष्ठभागावरील ओल उडून जाते, आणि तापमान सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की पिठातील शर्करा व प्रथिनांतील अमिनो आम्ले यांच्यात रासायनिक क्रिया होऊन तो तांबूस वर्ण आणि तो खमंगपणा निर्माण होतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. भाजलेल्या शेंगदाण्याच्या, तिळाच्या आणि जवसाच्या खमंगपणामागेही मुख्यत्वे हीच क्रिया असते. तेव्हा आपल्या कोरड्या चटण्या आणि टोस्ट यांचे नाते प्रथमदर्शनी विजोड वाटले, तरी अग्नीच्या बाजूने पाहता ते सख्खे आहे. शिवाय टोस्टला स्वतःचा आग्रह नसतो. त्याची चव सौम्य, पोत कुरकुरीत आणि आकार लहान; एका स्लाइसचे चार तुकडे करून चार निरनिराळी तोंडीलावणी एकापाठोपाठ एक पारखता येतात आणि एखादा प्रयोग फसला तरी नुकसान घासाएवढेच होते.

माझे एक जुने स्नेही मूळचे वऱ्हाडातील, आणि माझे घराणे रत्नागिरीकडचे. सुट्टीच्या सकाळी आम्ही असे बसतो, तेव्हा आदल्या दिवशीचा पाव मुद्दाम राखून ठेवलेला असतो, कारण ताज्या पावात ओल अधिक असल्याने तो नीट कुरकुरीत होण्यापूर्वीच वरून करपू लागतो. लोखंडी तवा, मंद आच, घरच्या विरजणाचे लोणी, आणि मग बरण्या. त्यांची जवसाची चटणी प्रथम कोरडीच टोस्टवर पसरली तेव्हा ती दातांखाली येण्याऐवजी बशीत सांडली. तेव्हा त्यांनी, भाकरीबरोबर खाताना त्यांच्या घरी करतात त्याप्रमाणे, तीत कच्चे तेल कालवले, आणि त्या दाट काळसर लेपाचा किंचित कडवट, मातीशी इमान राखणारा स्वाद टोस्टवर असा काही उमटला की, भातावाचून चटणीची कल्पना न करणाऱ्या माझ्यासारख्या कोकणी माणसाने तेथल्या तेथे त्या चटणीची कृती उतरून घेतली. उलटपक्षी मेतकूट म्हणजे मऊ भाताबरोबर पोरांना आणि आजाऱ्यांना द्यावयाची वस्तू, असा त्यांचा समज होता; पण गरम टोस्टवर लोणी विरघळू लागताच त्यावर ते भुरभुरले, आणि भाजलेल्या डाळींचा व हिंगाचा वास दरवळला, तेव्हा घास संपवून ते म्हणाले, “अहो, मेतकूट असे खातात हे तर आमच्या घरी कोणाला माहीतच नाही, एक पुडी बांधून द्या.”

अशा बैठकींतून काही नियम आपोआप हाती लागतात. मुरांब्याचा पाक किंवा काकवी यांसारखी पातळ वस्तू लावण्यापूर्वी लोण्याचा किंवा तुपाचा थर देणे अगत्याचे, म्हणजे पाव लगेच भिजून लिबलिबीत होत नाही. ठेच्याखाली लोणी असले की मिरचीचा तिखटपणा सौम्य होतो, कारण जिभेला झोंबणारे तिचे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात मात्र सहज विरघळते. लोणच्याच्या फोडींपेक्षा तळाचा खार टोस्टवर अधिक शोभतो. चक्क्यात ठेचलेला लसूण आणि मीठ घातले की कोणत्याही महागड्या लेपाची उणीव भासत नाही. सायीवर साखर पेरून दिलेला गरम टोस्ट लहान मुलांना अन्य कशाचीही आठवण होऊ देत नाही. कोशिंबीर आणि ओल्या नारळाची पातळ चटणी यांचे मात्र टोस्टशी जमत नाही. आणि सर्वांत अनपेक्षित लाभ असा की, माझ्या स्नेह्यांच्या ठेच्याचा पातळ थर आणि त्यावर आमच्या मुरांब्याची वेलदोड्याच्या वासाची एक फोड, असा संयोग कोणाच्याही घरच्या परंपरेत नसताना जिभेने तो बिनतक्रार मान्य केला. तो ना वऱ्हाडचा ना कोकणचा, पण दोहोंवाचून अशक्य होता.

येथे मित्राचे प्रयोजन स्पष्ट होते. एकटा मनुष्य चाखावयास बसला म्हणजे त्याची जीभ बालपणी जे ओळखीचे झाले त्यालाच उत्तम ठरवते, आणि त्या निकालावर अपील करणारा कोणी नसतो. समोर दुसऱ्या घरात वाढलेला मनुष्य असला म्हणजे आवडनिवड कारणांसह सांगावी लागते. हे आंबट का, यात लसूण का नाही, मिरची भाजलेली की कच्ची, असे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे देता देता आपण आपल्याच स्वयंपाकघराचा इतिहास प्रथमच शब्दांत मांडू लागतो. कोणाच्या घरी चातुर्मासात लसूण वर्ज्य होता, कोणाकडे गूळ स्वस्त म्हणून साखरांब्याऐवजी गुळांबा होत असे, कोणाकडे दुष्काळात चटणी-भाकरीवरच दिवस निघाले, ही कैफियत बरणी उघडल्यावाचून बाहेर येत नाही. रुचीचा विवेक हा वादसंवादातून घडतो, आणि जो वाद स्नेहाच्या बैठकीत होतो तोच मनुष्यास आपले मत बदलू देतो.

ज्या पावाभोवती ही बैठक भरते, त्या पावाचाच इतिहास पाहिला तर या गोष्टीचे मोल अधिकच कळते. पोर्तुगीजांबरोबर पाव गोव्यात आला. तेथील पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, माडाची सूर वापरून पीठ आंबवले आणि तो घरोघर पोचवला. परंतु घाटावरच्या सवर्ण हिंदू समाजाच्या लेखी तो बाटवणारा पदार्थ होता. म्हणूनच १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेने जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा घेणाऱ्या सभासदाकडून ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खाण्याची अट घातली; आणि ही सभा इतकी गुप्त होती की, सभासदांची नावे उघडकीस आल्यावर ती टिकू शकली नाही. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांच्या निमित्ताने जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, माजले, त्यात रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नातून सुटका मिळाली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मुंबईत इराण्यांची उपाहारगृहे रूढ झाली, आणि तेथे ब्रून-मस्का व चहा घेणाऱ्या गिऱ्हाईकाची जात विचारण्याची वहिवाट नव्हती; धोबीतलावजवळचे १९०४ सालचे कयानी आजही उभे आहे. समतानंद अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायणाची चळवळ चालवून हेच सहभोजन पूजेच्या मांडवात नेले. एवढ्या खटाटोपाने मिळालेला हक्क आपण वापरतो का, हा माझा प्रश्न आहे. खाणावळीत, कचेरीत, आगगाडीत आपण कोणाशेजारीही बसून खातो. पण दुसऱ्याच्या घरच्या बरणीत चमचा घालण्याचा प्रसंग किती जणांवर येतो? शेजारी बसणे हे अर्धे काम झाले. एकमेकांच्या हातचे चाखणे हे उरलेले अर्धे.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, भाकरीसारखे सकस अन्न असता मैद्याच्या पावाची शिफारस कशासाठी? भाकरीची थोरवी मला पूर्ण मान्य आहे आणि पाव हे रोजचे मुख्य अन्न व्हावे असे मी म्हणत नाही. कणकेचा पाव मिळत असेल तर तो अवश्य घ्यावा. परंतु भाकरी स्वतःच एका प्रांताचा पक्ष घेऊन येते. देशावर ती ज्वारीची, खानदेशात बाजरीची वा कळण्याची, कोकणात तांदळाची. शिवाय ती थापावयास हात बसलेला असावा लागतो, जो वसतिगृहातील विद्यार्थ्यापाशी किंवा परगावी एकट्याने राहणाऱ्या नोकरदारापाशी बहुधा नसतो. तवा आणि पाव मात्र त्यालाही परवडतात. दुसरा आक्षेप असा की, पाव परका आणि चटणी आपली, या जोडणीने दोहोंचे सत्त्व जाते. अनुभव याच्या विरुद्ध आहे. स्पेनमधील कातालोनियाच्या लोकांनी पावावर पिकलेला टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचे तेल आणि मीठ घातले, सिंगापुरात गेलेल्या हैनानी चिन्यांनी नारळाचे दूध, अंडी आणि साखर आटवून केलेला काया त्यावर लावला, ऑस्ट्रेलियात सिरिल कॅलिस्टर यांनी बिअरच्या भट्ट्यांतील उरलेल्या यीस्टपासून व्हेजीमाइट सिद्ध केले. त्या त्या लोकांनी टोस्टला आपल्या कोठारातले दिले आणि तो त्यांचा झाला. आपल्या मुंबईच्या रस्त्यावरील सँडविचवाल्यानेही हिरवी चटणी, उकडलेला बटाटा आणि बीट यांच्या साहाय्याने हेच साधले आहे. घरांनी मात्र अद्याप हे काम मनावर घेतलेले नाही.

ते घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शेतातले नवे पीक किंवा झाडाची पहिली फळे शेजाऱ्याकडे वानवळा म्हणून पाठवण्याची रीत आपल्याकडे होतीच; तिला आजच्या शहरी जीवनात रूप द्यावयाचे तर आपल्याहून वेगळ्या जिल्ह्यातल्या, वेगळ्या जातीच्या वा धर्माच्या मित्रास सकाळच्या चहाला बोलवावे, त्याला घरची एक बरणी आणावयास सांगावे आणि आपली एक त्याच्या हाती द्यावी. जे आवडले त्याची कृती, ती करणाऱ्या माउलीच्या नावासह, वहीत टिपून ठेवावी. शाळा-महाविद्यालयांच्या वसतिगृहांनी वर्षातून एखादा दिवस याकरिता राखून ठेवला, तर त्यास फारसा खर्च येणार नाही, आणि विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या भूगोलाचा व समाजरचनेचा असा एक पाठ मिळेल की जो क्रमिक पुस्तकातून देता येत नाही. आपल्या घराची चव राखण्याचा उपाय ती झाकून ठेवणे हा नव्हे; ज्या कृतीला दुसऱ्या घरात कोणी जाणता उरतो, तीच कृती पुढच्या पिढीस मिळते.