परीक्षकाचा शेरा कोणासाठी?

हर्णे बंदराला होड्या लागल्या की किनाऱ्यावर लिलाव सुरू होतो. पाजपंढरीची कोळीण बोली बोलण्यापूर्वी माशाचा कल्ला उघडून पाहते. कल्ला लाल नसेल तर मासा वरून कितीही चकाको, ती त्याला भुलत नाही. शास्त्रीय नियतकालिकाकडे आलेला शोधनिबंध छापण्यापूर्वी तपासून देणाऱ्या तज्ज्ञ परीक्षकाचे कामही तत्त्वतः हेच आहे. भेद आहे तो जबाबदारीचा. कोळणीची पारख चुकली तर तोटा तिचा तिलाच सोसावा लागतो. परीक्षक चुकला तर भुर्दंड पडतो तो ज्यांनी तो निबंध कधी पाहिलेलाही नसतो, अशा माणसांवर.

हे प्रतिपादन हवेतले नाही. पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर राज्य शासनाने २०१६ साली परवान्यांची आणि हंगामाची बंधने घातली, ती डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे. पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकांचे मालक यांच्यातील या संघर्षात दोन्ही बाजू शास्त्राचाच दाखला देतात. परंतु समुद्रातील मासे कोणी मोजलेले नसतात. किनाऱ्यावरची काही केंद्रे आणि काही दिवस निवडून, तेथे उतरलेल्या मासळीवरून अंदाज बांधला जातो. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. मात्र केंद्रे कोणती निवडली, रात्री उतरलेली मासळी धरली की नाही, लहान होड्या हिशेबातून निसटल्या काय, हे प्रश्न कोणी तरी विचारलेच पाहिजेत. ते विचारणे हे परीक्षकाचे पहिले कर्तव्य होय. त्याने डोळेझाक केली, तर चुकीचा आकडा धोरणात शिरतो आणि त्याचा जाच अखेरीस जाळे ओढणाऱ्या हातांना होतो.

मे २०२० मध्ये जगाला याचा प्रत्यय आला. ‘लॅन्सेट’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाने हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधासंबंधी, सुमारे ९६ हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला म्हणून सांगितलेला, एक निबंध छापला. काही दिवसांतच जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी स्थगित केली. मूळ नोंदी एका खासगी कंपनीच्या ताब्यात होत्या. त्या स्वतंत्र तपासणीसाठी मिळेनात, तेव्हा जूनच्या आरंभी निबंध मागे घ्यावा लागला. कल्ला न उघडताच मासा विकला गेला होता.

परीक्षकाची कर्तव्ये गहन नाहीत. जो विषय आपला नाही तो परत करावा. लेखकाशी स्नेह, वैर अथवा आर्थिक हितसंबंध असेल तर तसे सांगून दूर व्हावे. हाती आलेले अप्रकाशित संशोधन स्वतःच्या लाभासाठी वापरू नये. निबंध महिनोन्‌महिने अडवून ठेवू नये, आणि टीका युक्तिवादावर करावी, व्यक्तीवर नव्हे. नावाचा दबावही मानू नये. १९३६ साली खुद्द आइनस्टाइनच्या निबंधावर ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या परीक्षकाने आक्षेप घेतले. आइनस्टाइन रागावले, त्यांनी निबंध परत घेतला. पण पुढे चूक ध्यानी आल्यावर सुधारलेला निबंध त्यांनी अन्यत्र प्रसिद्ध केला. परीक्षकाने मोठ्या नावापुढे मान तुकवली असती, तर विज्ञानाचीच हानी झाली असती.

येथे एक रास्त आक्षेप उद्भवतो. हे काम बहुतांशी विनामोबदला होते. मग एवढी अपेक्षा का? संशोधन होते जनतेच्या पैशावर, तपासणी होते प्राध्यापकांच्या फुकट श्रमांवर, नफा मात्र मूठभर प्रकाशन कंपन्यांचा. तेच ज्ञान पुन्हा विकत घेण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. दुसऱ्या टोकाला, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक माजले. मान्यताप्राप्त यादीतील अनेक नियतकालिके निकषांना उतरत नाहीत, असे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ साली दाखवून दिले. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. बढतीसाठी निबंधांची संख्या मोजणारी व्यवस्था परीक्षकाच्या प्रामाणिक कष्टांची मात्र दखल घेत नाही. शोषणाचा हा आरोप खरा आहे. परंतु त्यावरचा उपाय कामचुकारपणा नव्हे. कारण परीक्षक बांधील आहे तो प्रकाशकाला नव्हे, समाजाला.

म्हणून प्राध्यापक संघटनांनी परीक्षणाच्या कामाला सेवेत मान्यता आणि वेळ मागावा. परीक्षकांचे अभिप्राय, नावे गुप्त ठेवूनही, निबंधासोबत प्रसिद्ध व्हावेत असा आग्रह धरावा. किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांचेही एक काम आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ हर्णेपासून दूर नाही. मासेमारीसंबंधीचे निष्कर्ष मराठीत मच्छीमारांपुढे मांडले जावेत आणि त्यांचे आक्षेप नोंदवले जावेत, ही मागणी तेथे नेली पाहिजे. तज्ज्ञाची जागा मच्छीमार घेणार नाही. पण कोणत्या रात्री किती मासळी उतरली, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?