सनावळी आणि सातबारा

राजे, लढाया, कायदे व सभा यांच्या सनावळीस आपण इतिहास म्हणतों. परंतु शेतकऱ्याच्या घरांतील एखाद्या स्त्रीचें आयुष्य त्या सनावळीशेजारीं मांडून पाहिलें म्हणजे हिशेब निराळाच निघतो.

खानदेशांतील बहिणाबाई चौधरी यांचें उदाहरण घेऊं. आज त्यांचें नांव विद्यापीठास आहे. परंतु हयातींत त्या चारचौघींसारख्याच एक निरक्षर शेतकरीण होत्या. जन्म सन १८८० चा, जळगांवाजवळील असोद्याचा. तेराव्या वर्षीं लग्न. विशीच्या सुमारास १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. तिसाव्या वर्षीं वैधव्य. अडतिसाव्या वर्षीं १९१८ चा इन्फ्लुएंझा. छप्पनाव्या वर्षीं, १९३६ सालीं, त्यांच्याच पूर्व खानदेश जिल्ह्यांत फैजपूर येथें काँग्रेसचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन भरलें व त्यांत शेतकऱ्यांच्या सारा-कर्जाचा विचार झाला. पुढें १९४७ सालीं स्वराज्य आलें, आणि १९५१ सालीं त्या निवर्तल्या.

आतां अशा स्त्रीच्या हक्कांची सनावळी पाहा. विधवेस पतीच्या मिळकतींत हिस्सा देणारा कायदा १९३७ सालीं झाला. परंतु प्रांतांतील शेतजमिनीस तो लागू होत नाहीं, असा निर्णय फेडरल कोर्टानें १९४१ सालीं दिला. जिच्यावर ती जन्मभर राबली तेवढीच वस्तु वगळली गेली! हिंदु वारसा कायदा आला १९५६ सालीं. वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाबरोबरीचें स्थान महाराष्ट्रांत १९९४ सालीं व सर्व देशांत २००५ सालीं मिळालें. बहिणाबाईंच्या जन्मापासून सव्वाशें वर्षें लोटलीं.

कायदा झाला, पुढें काय? महसूल खात्यांत ज्यानें आयुष्य घालविलें त्यास हें ठाऊक असतें कीं, वारसाच्या फेरफारांत बहिणीचें नांव लागतें तें पुष्कळदां हक्कसोडपत्रानें कमी होण्यासाठींच. कांहीं बहिणी राजीखुषीनें हक्क सोडतात, हें खरें. पण माहेर तुटेल या भीतीनें केलेली सही राजीखुषीची म्हणतां येत नाहीं. जमिनीचे तुकडे पडतील, हा आक्षेप खोटा नव्हे. मात्र तीन भावांत वांटणी होतांना तो कोणी काढीत नाहीं. तुकडे टाळावयाचे तर खातें सामाईक ठेवावें, जमीन एकानें वाहावी व उत्पन्नाचा हिस्सा प्रत्येकास पोंचवावा. त्यासाठीं नांव पुसण्याचें कारण नाहीं.

पत्नीचें नांव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय महाराष्ट्रांत ‘लक्ष्मीमुक्ति’ योजनेनें झाली आहे. सातबारावर नांव नसलें कीं पीककर्ज व नुकसानभरपाई यांसाठीं तिला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें. तरी खातेदार बंधूंस विनंति अशी कीं, आपल्या घरचा उतारा एकदां काढून पाहावा, व शेतांत राबणाऱ्या किती हातांचीं नांवें त्यावर आहेत तीं मोजावीं.