तिकिटाबाहेरचे भाडे

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास रो-रो बोट सुरू झाली. तिचे स्वागत झाले ते योग्यच होते. पण ज्यांच्यापाशी मोटार नाही त्यांचे काय? डॉकयार्ड रोडहून धक्क्यापर्यंत टॅक्सी, आणि मांडव्यास उतरावे तर अलिबाग आणखी सुमारे २० किलोमीटर! म्हातारी आई, दोन मुले व बोचकी सांभाळीत उन्हात उभ्या राहिलेल्या गृहस्थास रिक्षावाला मागेल ते मुकाट्याने द्यावे लागते. बोटीच्या तिकिटात हा खर्च धरलेला नसतो. गेटवेहून सुटणाऱ्या काही बोटींच्या तिकिटात मात्र अलिबागपर्यंतची बस येते. निदान पुढील प्रवासाचे दर तिकीटखिडकीवर ठळक लावावेत आणि एस. टी.ने प्रत्येक बोटीस गाडी जोडून द्यावी, अशी आमची मागणी आहे.